हळदीच्या यार्डातलं कात्रण

प्रति,
महाराष्ट्रातल्या औषधनिर्माणशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि दंतवैद्यक महाविद्यालयांतले संशोधक, मार्गदर्शक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते. तुमच्यापैकी बहुतेकांशी माझी ओळख नाही. तरी तुमचं काम माझ्या खुर्चीपर्यंत येतं, कधी शोधनिबंधातून, पण जास्त करून वर्तमानपत्राच्या कात्रणातून. त्यातल्याच एका कात्रणामुळे हे पत्र लिहायला बसले आहे.

ते आणणारा माणूस मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची हमाली करायचा. वय त्रेचाळीस. कोपरापर्यंत हात पिवळे, डोक्याच्या फडक्याला हळदीचा वास आणि डाव्या गालात मावा. आमच्याकडे मावा म्हणजे सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून तळहाताखाली घोटायचा, ओलसर झाला की चिमटीनं उचलून गालात धरायचा. याच्या दिवसाला सहा-सात पुड्या. पहिल्यांदा आला तो दाढ दुखते म्हणून. दाढ बघताना गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, आणि त्यात मध्येच लालसर, खरबरीत जागा. नुसता पांढरा असता तर मी थोडी सावकाशीनं घेतलं असतं. लाल दिसलं की आम्हा लोकांच्या पोटात गोळा येतो. म्हटलं, याचा तुकडा काढून तपासायला हवा. तो म्हणाला, "दुखत नाय ओ म्याडम. आन् हत्यार लागलं की पसरतंय म्हंत्यात."

चिठ्ठी लिहून दिली. तो गेला आणि सात महिन्यांनी आला. आता तोंड जेमतेम दोन बोटांएवढं उघडत होतं आणि जबड्याखाली डावीकडे सुपारीएवढी टणक गाठ लागत होती. मी काही बोलायच्या आत त्यानं खिशातून मावा ठेवायची प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून चार घड्यांचं कात्रण माझ्यापुढे ठेवलं. हळदीतल्या घटकानं तोंडाचा कर्करोग बरा होणार, असा मथळा. खाली पुष्पगुच्छ घेतलेले प्राचार्य, मार्गदर्शक आणि विद्यार्थिनी. सात महिने तो रोज रात्री चमचाभर हळद दुधातून घेत होता, वर हळदीचा लेप बोटानं गालाच्या आत चोळत होता. मावाही कमी केला होता म्हणे, चार पुड्यांवर आणला होता.

ती बातमी मी नीट वाचली. मथळा सोडला तर तिच्यात खोटं काही नव्हतं. प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या, त्यांच्यावर कर्क्युमिन टाकलं, पेशी मेल्या, निबंध छापून आला. 'होणार' हा शब्द कुणाचा ते मला माहीत नाही. प्रेसनोटमध्ये असेल, नाहीतर रात्री साडेदहाला पान लावताना उपसंपादकानं घातला असेल. पण त्या एका शब्दावर माझ्या माणसानं सात महिने काढले.

यावर लगेच कुणी म्हणेल की बाई ॲलोपॅथीवाल्या, झाडपाल्याच्या विरोधात. तसं अजिबात नाही. उलट माझं म्हणणं असं आहे की या रोगात झाडपाल्याशिवाय दुसरं आहेच काय? रोग मुळात झाडपाल्याचाच. तंबाखू वनस्पती, सुपारी वनस्पती. सुपारीतलं अरेकोलिन हे अस्सल वनस्पतीजन्य संयुग गालाच्या आतल्या पेशींना नको इतके तंतू बनवायला लावतं, मग गाल चामड्यासारखा आखडतो आणि तोंड उघडेनासं होतं. तंबाखू बाजूला ठेवली तरी नुसती सुपारीच माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये दिला. आमच्याकडे अजून लग्नाच्या पंगतीनंतर लहान पोरांच्या हातावर गोड सुपारी ठेवतात. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातली २४ टक्क्यांहून जास्त प्रौढ माणसं धूरविरहित तंबाखू वापरताना आढळली, म्हणजे चारातला जवळपास एक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते तुम्हीही बघता, मीही बघते. २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात ओठ-तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण धरले आहेत. जगातल्या दर तीन रुग्णांत एकाहून जास्त आपला. तेव्हा या रोगावर वनस्पतीतून औषध शोधायचं तर ते आपणच शोधायचं, याबद्दल माझं दुमत नाही.

आणि असं औषध आहे. आजही सलाइनमधून जातंय. केमो म्हटलं की घाबरून जी माणसं 'झाडपाल्याचं काही असेल तर सांगा' म्हणतात, त्यांना हे कुणी सांगतच नाही.

गोष्ट नंदुरबारपासून सुरू होते. मनसुख वाणी हे १९२५ साली नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या सूचिपर्णी झाडाची साल गोळा झाली. ती या दोघांकडे आली. सालीतल्या नेमक्या कोणत्या रेणूत पेशी मारायची ताकद आहे ते शोधून, त्याची रचना उलगडून ती छापायला १९७१ उजाडलं. तो रेणू पेशींना नेमकं काय करतो हे १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं. पेशी दुभंगताना जो सांगाडा उभा करते तो मोडायचाच राहतो आणि पेशी तिथंच अडकते. औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली १९९२ मध्ये. साल खरवडल्यापासून बाटलीत औषध येईपर्यंत तीस वर्षं. एका मोठ्या झाडाची सगळी साल काढली तर जेमतेम एका डोसपुरतं औषध निघे, आणि झाड मरे. मग फ्रान्समधल्या रसायनशास्त्रज्ञांनी युरोपातल्या यूच्या पानांतून जवळचा रेणू काढला. पानं परत फुटतात. त्या रेणूवर थोडी रासायनिक कारागिरी करून डोसेटॅक्सेल झालं.

हे डोसेटॅक्सेल म्हणजे माझ्या यादीतलं तोंडाच्या कर्करोगाचं पहिलं खरंखुरं वनस्पतीजन्य औषध. डोक्या-मानेच्या कर्करोगात (तोंडाचा त्यातच धरतात) रेडिएशनबरोबर सहसा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देतात. पण ज्यांची मूत्रपिंडं किंवा कान अधू आहेत त्यांना ते झेपत नाही, आणि अशांना बरीच वर्षं नुसतं रेडिएशन मिळे. टाटा मेमोरियलमध्ये अशा ३५६ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला नुसतं रेडिएशन, दुसऱ्याला जोडीला आठवड्यातून एकदा अगदी कमी मात्रेत डोसेटॅक्सेल. २०२३ मध्ये निकाल छापून आला. दोन वर्षांनी हयात असलेले पहिल्या गटात ४१.७ टक्के, दुसऱ्या गटात ५०.८ टक्के. म्हणजे शंभरात नऊ माणसं जास्त. माझ्यासाठी हा आकडा तुमच्या सगळ्या आयसी-फिफ्टींपेक्षा, म्हणजे बशीतल्या निम्म्या पेशी किती मात्रेला मरतात त्या आकड्यांपेक्षा, मोठा आहे, कारण ती नऊ माणसं जेवायला घरी असतात.

माझ्या हमालालाही हेच मिळालं. गालाचा भाग, जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या. एक कान लहानपणापासून वाहत असल्यानं ऐकू कमी यायचं, म्हणून सिस्प्लॅटिन नको ठरलं. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला भेटायला गेले. बाटलीकडे बोट दाखवून सांगितलं की हे एका झाडाच्या पानापासून निघतं. बोलणं अजून धड जमत नव्हतं. पाटीवर त्यानं लिहिलं, "मग आधी का नाय सांगितलं". शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं. त्याला विचारायचं होतं की मला बोल लावायचा होता, ते मला अजून उमगलेलं नाही.

आता तुमच्या हळदीकडे येते. रागावू नका, मीही सांगलीचीच. हळदीबद्दल वाकडं बोलणं जिवावर येतं. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीनं जखम भरते याचं पेटंट दिलं गेलं आणि डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं, तेव्हा आमच्या कॉलेजात पेढे वाटले होते. (ते भांडण जखमेचं होतं, कर्करोगाचं नव्हे. व्हॉट्सॲपवर मात्र दोन्हींची गाठ मारून टाकलेली आहे.) पण हिशेब हा हिशेब. हळकुंडात कर्क्युमिन साधारण तीन टक्के धरा. चमचाभर हळद तीन ग्रॅमची. त्यात कर्क्युमिन झालं नव्वद मिलिग्रॅम. आपल्याच देशात तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर कर्क्युमिनची जी मोठी चाचणी झाली तिच्यात रोजची मात्रा होती ३.६ ग्रॅम. म्हणजे चाळीस चमचे हळद, रोज, सहा महिने. माझा माणूस एक चमचा घेत होता. ही भागाकाराची साधी ओळ बातमीत असती तर त्यानं काय केलं असतं, कुणास ठाऊक. निदान मला त्याच्याशी बोलायला धागा मिळाला असता.

शिवाय पोटातून घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारसं पोहोचतच नाही. रोज ८ ग्रॅम देऊनही रक्तातलं प्रमाण दोन मायक्रोमोलच्या आतच राहिल्याचं मोजलं गेलंय; प्रयोगशाळेत पेशी मरतात त्या बहुधा दहा, वीस, कधी पन्नास मायक्रोमोलला. भरीत भर म्हणजे रक्तद्रव नसलेल्या, शरीराइतक्याच आम्लतेच्या द्रावणात ते अर्ध्या तासात नव्वद टक्के विघटित होतं. मग तुमच्या बशीत अठ्ठेचाळीस तासांनी पेशी कशानं मेल्या? आणि पेशी मेल्याचं तुम्ही ओळखता कसं, तर पिवळा रंग जिवंत पेशीत जांभळा होतो त्यावरून. कर्क्युमिन स्वतःच पिवळं. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर चिडचिड होते.

पेशींबद्दल एक गोष्ट मात्र तुमच्यातल्या काहींनाही ठाऊक नसावी असं वाटतं, कारण अजून तसे निबंध येतात. कडुनिंब, तुळस, शेवगा, सीताफळाच्या बिया, कशाचा ना कशाचा अर्क काढून 'तोंडाच्या कर्करोगाच्या केबी पेशींवर' टाकलेला असतो. केबी ही पेशीमालिका १९५० च्या दशकात तोंडाच्या गाठीपासून केली असं समजलं जायचं. १९६० च्या दशकातच उघड झालं की त्या प्रत्यक्षात हेला पेशी आहेत. म्हणजे बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या, दुसऱ्या बाटलीत शिरून तिथलं सगळं व्यापून बसलेल्या. अर्धं शतक उलटून गेलं, आणि आपण गर्भाशयमुखाच्या पेशींवर प्रयोग करून तोंडाच्या कर्करोगाच्या बातम्या देतोय. विद्यार्थ्याची चूक नाही, त्यानं पेशी मागवल्या, आल्या. पण मार्गदर्शक काय करत होते?

डॉकिंगबद्दल बोलतच नाही. संगणकावर रेणू प्रथिनाच्या खाचेत बसला म्हणजे गालातल्या गाठीत बसला असं मानायचं तर माझ्याकडच्या कवळ्याही सगळ्या पहिल्या फटक्यात बसायला हव्या होत्या.

बशीतून माणसात आल्यावर काय होतं, याचे दाखले आपल्याकडेच आहेत. कर्क्युमिनच्या त्या चाचणीत २२३ जण होते. सहा महिन्यांनी चट्टा कमी झाला कर्क्युमिनवाल्यांत ६७.५ टक्के जणांचा आणि दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्यांवर ५५.३ टक्के जणांचा. फरक आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघितल्यावर तो ठोस उरला नाही. माझी नजर मात्र पुनःपुन्हा त्या ५५ वर जाते. औषध नसलेल्या गोळीनं निम्म्याहून जास्त चट्टे ओसरले! हे चट्टे आपोआप वर-खाली होतात. तुलनेचा गट नसेल तर शेणाच्या गोळीलाही यश येईल, आणि मग तिचीही बातमी होईल.

केरळात १९९७ मध्ये छापलेली एक चाचणी आहे. चट्टा असलेल्यांना काहींना जीवनसत्त्व अ, काहींना गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटीन, काहींना नुसती गोळी. जीवनसत्त्वावर ५२ टक्क्यांचे चट्टे पूर्ण गेले, बीटा कॅरोटीनवर ३३ टक्क्यांचे, नुसत्या गोळीवर १० टक्क्यांचे. झकास, नाही? गोळ्या बंद केल्यावर जीवनसत्त्वाच्या गटातल्या बऱ्या झालेल्यांपैकी दोन तृतीयांशांचे आणि बीटा कॅरोटीनच्या गटातल्या निम्म्यांचे चट्टे परत आले. आणि त्याच बीटा कॅरोटीनच्या गोळ्या फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत दिल्या, तर ज्यांना त्या मिळाल्या त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. १९९४ ची गोष्ट. गाजराचा रंग! कुणाला वाटलं असतं? म्हणून 'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना' हे वाक्य तुमच्या निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात दिसलं की मी पान मिटते.

अपायाचा दुसरा प्रकार मी डोळ्यांदेखत पाहिला. डोसेटॅक्सेल चालू असताना माझ्या माणसाच्या मेव्हण्यानं त्याला हळद आणि मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या. मिरी कशाला, तर कर्क्युमिन रक्तात जास्त जावं म्हणून. पण मिरीतलं पायपेरिन यकृतातल्या ज्या यंत्रणेला आडवं घालतं, तीच यंत्रणा डोसेटॅक्सेलचा निचरा करते. डॉक्टरांनी कॅप्सूल ताबडतोब थांबवल्या. त्यांनी विचारलं म्हणून कळलं. घरच्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं. 'औषध' घेता का असं विचारलं होतं, आणि हळदीला औषध कोण म्हणणार.

एवढं सगळं ऐकवल्यावर मला जे मागायचं आहे ते सांगते, नाहीतर तक्रारवही व्हायची.

तोंड ही जागा वेगळी आहे. आतड्याला किंवा स्वादुपिंडाला हात लावता येत नाही, गालाला येतो. चट्टा दिसतो, मोजता येतो, त्याचा फोटो काढता येतो. रक्तात पोहोचण्याची कर्क्युमिनची जी सगळी रडकथा, ती चघळायच्या गोळीला, जेलला किंवा गालाला चिकटणाऱ्या पट्टीला बरीच कमी लागू पडते. म्हणजे वनस्पतीजन्य रेणूंना जिथं खरी संधी आहे ती जागा पुढारलेली गाठ नाही, तिच्या आधीचा चट्टा आहे, आणि सुपारीनं आखडलेलं तोंड आहे. या आखडलेल्या तोंडावर आज आमच्याकडे धड औषध नाही. सुपारी सोडा, तोंडाचा व्यायाम करा, स्टेरॉइडची इंजेक्शनं घ्या, फारच झालं तर शस्त्रक्रिया. पंचविशीतली पोरं येतात, पाणीपुरी तोंडात जात नाही म्हणून. तुमच्या रेणूंची वाट कोण बघत असेल तर ती ही पोरं. आणि ती तुमच्या महाविद्यालयापासून पाच किलोमीटरवरच्या दंतवैद्यक ओपीडीत बसलेली आहेत. माझ्या माहितीतल्या किती औषधनिर्माण विभागांनी त्या ओपीडीचा जिना चढला आहे? मला एकही माहीत नाही.

चढलात तर एकट्यानं चढू नका. चाचणी सुरू करण्यापूर्वी तिची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते, २००९ च्या जूनपासून ते बंधनकारक आहे. तो नोंदणीचा क्रमांक प्रेसनोटमध्ये छापा, म्हणजे आम्हाला पुढं काय झालं ते बघता येईल. अर्क वापरणार असाल तर त्यात काय किती आहे ते मोजून सांगा. २०१५ च्या नोव्हेंबरमधल्या अधिसूचनेनं फायटोफार्मास्युटिकल नावाचा औषधांचा वर्गच केंद्र सरकारनं केलाय, त्यात किमान चार घटक मोजून दाखवायचे असतात. हळद सांगलीची की वसमतची, ओली की उकडून वाळवलेली, यानं आकडे बदलतात; यार्डातला दलालही हे जाणतो. आणि रुग्णाला चट्ट्याचा तुकडा तपासायला सांगणं हा चाचणीचा पहिला टप्पा असू द्या, शेवटचा नको. हत्यार लागलं की पसरतं या समजुतीला उत्तर टाटामधल्याच एका चाचणीनं २०१५ मध्ये दिलंय. लवकर सापडलेल्या तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या गाठी सुरुवातीलाच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के हयात, थांबून गरज पडल्यावर काढल्या तर ६७.५ टक्के. हत्यार उशिरा लागलं म्हणून माणसं गेली.

यश नाही आलं तर तेही सांगा. मुलुंडला हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथं १९८० च्या दशकात सह्याद्रीतल्या एका झाडात रोहितुकीन सापडलं, त्यावरून फ्लेवोपिरिडॉल तयार झालं, पेशींच्या विभाजनाचं चक्र रोखणारं त्या जातीचं माणसांवर तपासलेलं जगातलं पहिलं संयुग. मान्यता काही मिळाली नाही. त्याच वळणाचं दुसरं संयुग मुंबईत घडलं, भारतात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तपासलं गेलं, तेही दुकानापर्यंत आलं नाही. पण रोखायची ती युक्ती खरी निघाली आणि आज स्तनाच्या कर्करोगात तिच्यावर चालणारी औषधं आहेत. मुलुंडच्या त्या लोकांचा फोटो पुष्पगुच्छासह कुठं छापून आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. त्यांचं नाव माझ्या लेखी तुमच्या बातमीतल्या सगळ्यांच्या वर आहे.

आणि जंगलाचं एक. मनसुख वाणी आणि वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन काढलं होतं. १९७२ मध्ये तेच आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं. नरक्या माहीत आहे ना? फुलं आली की वास सुटतो, त्यावरून नाव. पुढे कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांतून नरक्या ट्रकच्या ट्रक भरून गेला, अजूनही अधूनमधून पकडल्याची बातमी येते. त्यापासून बनलेली औषधं मोठ्या आतड्याच्या, बीजांडकोशाच्या कर्करोगात चालतात, तोंडाच्या नाही. तुमच्या एका घाईच्या मथळ्यानंतर कोणत्या झाडावर कुऱ्हाड पडेल हे तुम्हाला आधी कळणार नाही. परिसरातल्या एखाद्या वनस्पतीचं नाव छापण्यापूर्वी निदान वनखात्याला फोन तरी करा.

बातमी देऊच नका असं मी म्हणत नाही. तुम्हालाही मूल्यांकन असतं, गुण असतात, संस्थाचालकांना फोटो हवा असतो. मी कॉलेजात शिकवलेलं आहे, मला कळतं. पण मथळ्याखालच्या पहिल्या ओळीत 'हा प्रयोग बशीतल्या पेशींवर झाला, कोणत्याही रुग्णावर नाही' एवढं वाक्य असू द्या. आणि शेवटच्या ओळीत 'तोंडात दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला चट्टा किंवा जखम असेल तर आधी दाखवून घ्या'. केरळात तेरा पंचायतींपैकी सात पंचायतींतल्या लोकांची तोंडं प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसती उजेडात बघितली, आणि तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी भरले. २००५ मध्ये छापलंय ते. कसला रेणू नाही, अर्क नाही. तुमच्या बातमीला निदान तेवढं काम करता येईल.

माझ्याकडे चट्ट्यांचं रजिस्टर आहे. २०११ पासूनचं. तारीख, जागा, आकार, सवय, तोंड किती मिलिमीटर उघडतं, तुकडा काढला की नाही, परत आला की नाही. नावं झाकून कुणालाही बघायला देईन. नीतीसमितीची परवानगी घेऊन या, दुपारी दोनच्या पुढं या, सकाळी खुर्ची रिकामी नसते.

आपली,
तालुक्याच्या गावची एक दंतवैद्य

ता.क. त्याच्या ऑपरेशनला आता चौदा महिने झाले. हमाली सुटली; यार्डातच वजनकाट्यावर पावत्या फाडतो. मावा बंद आहे असं तो सांगतो आणि त्याची बायको मान हलवत नाही. कात्रण मी ठेवून घेतलंय. प्लास्टिकमधून काढून दोन वेळा उन्हात ठेवलं, तरी तंबाखूचा वास जात नाही.